वाकळीचं वजन

माझ्या धाकट्या जावेला कुठल्याही वस्तूचं वजन बसल्या जागी सांगता येतं, आणि मला ते सहन होत नाही. बाजारात ती भोपळा हातात घेते, किंचित झुलवते आणि भाजीवालीनं तराजूत टाकायच्या आत आकडा सांगून मोकळी होते. तराजूही मेला तिच्याच बाजूचा. भाजीवाली म्हणते, "या ताईला काट्याची गरजच न्हाई." मी शेजारी पिशवी धरून उभी असते. मला सांगावंसं वाटतं, बाई, वजनाचा अंदाज काढायचा पगार या घरात आधी मला मिळत होता.

यात अतिशयोक्ती नाही. मी पाइपांच्या आधारांचं डिझाइन करते. कारखान्यात वाफ, पाणी, तेल वाहून नेणारे पाइप काही हवेत तरंगत नाहीत. कुठं त्यांना खालून टेकू द्यावा लागतो, कुठं वरून टांगावं लागतं. टेकू किती मजबूत हवा आणि किती अंतरावर हवा, हे ठरवायचं तर आधी पाइपाचं वजन माहीत पाहिजे. लोखंडाचं वजन तक्त्यात छापलेलं असतं. पाणी किती मावेल तेही सोपं. घोळ होतो तो वरच्या आवरणात. वाफेचा पाइप उघडा ठेवला तर वाफ वाटेतच थंड होते, आणि चुकून हात लागला तर कातडी सोलून निघते. म्हणून त्याच्याभोवती दगडी लोकरीचा जाड थर गुंडाळतात, त्यावर तारेची जाळी, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा पत्रा. ही लोकर दिसायला कापसासारखी, त्यामुळे नवशिकी पोरं तिला वजनातच धरत नाहीत.

सासूबाईंना मी एकदा हे समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मंजे पायपाला वाकळ पांघरायची व्हय? वाकळीचं काय वजन असून राहिलं?"

"आई, धुवायला काढलेली सातपदरी वाकळ एकटीनं पिळून दाखवा," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि त्यांना पटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात या धंद्याला वाकळीचा धंदा म्हणतात. आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या सुना पायपाच्या वाकळी मोजतेत." सुना म्हणतात, सून नाही, कारण आता आम्ही दोघी तेच काम करतो. आणि हा धोंडा मी माझ्याच हातानं माझ्या पायावर पाडून घेतला आहे.

टाळेबंदीत आम्ही पुण्याहून हिंगोलीला सासरी आलो आणि इथंच राहिलो. कंपनीनंही घरून काम करायला हरकत घेतली नाही. दिराचं लग्न झालं ते त्यानंतर. मुलगी पुसेगावची, इंजिनिअर झालेली, सावळी, बारीक, आणि हसली की समोरच्यालाही हसायला लावणारी. सहा महिने ती घरात भाकऱ्या थापत होती आणि माझं तिच्याशी उत्तम चाललं होतं. मग सासूबाईंनी एका दुपारी विषय काढला. "तिलाबी लाव ना तुझ्या कामाला. एवढं शिकलेलं लेकरू, चुलीपाशी काहून बसवायलीस? थोरली हायेस तू." थोरली म्हटलं की मी फुगते, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी पुण्याच्या साहेबांकडे शब्द टाकला.

जे शिकायला मला दोन पावसाळे लागले होते, ते तिनं दसऱ्याला सुरू करून संक्रांतीच्या आत संपवलं. वर भाकरीही माझ्यापेक्षा गोल. एखाद्या बाईचं एक काहीतरी चांगलं असावं, आपण मोठ्या मनानं कौतुक करतो. सगळंच चांगलं असणं हा उद्धटपणा आहे असं माझं मत आहे.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप ठेवून बसायचो, कारण घरात नेटची रेंज तेवढीच एका जागी. मिटिंगमध्ये पडद्यावर दोन चौकोनांत दोन जावा, आणि दोघींच्या मागं तोच एक फ्रिज. मी तिला आल्याआल्या काही गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पंख्याखालची खुर्ची माझी. साहेबांनी प्रश्न विचारला तर आधी मी बोलणार. माझ्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर ते आधी मला. ती मान डोलवायची आणि म्हणायची, "व्हय ताई." तेही इतक्या गोड आवाजात की माझ्या रागाला बसायला जागाच सापडायची नाही.

एकदाच चुकली ती. मिटिंगमध्ये मी एका आधाराचा भार सांगितला आणि ती पटकन बोलून गेली, "ताई, यात पाणी धरलं का? टेस्टिंगला पाइप पाण्यानं भरतात ना?" नव्हतं धरलेलं. साहेब म्हणाले, "गुड कॅच." त्या दोन शब्दांनी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आठवडाभर दुखत होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती चहा करायची, मी उठून माझा वेगळा करायची. रविवारी विहारात वंदनेला गेलो तेव्हाही आमच्या दोघींच्या मध्ये सासूबाई. शेवटी त्यांनीच निवाडा केला. तिला म्हणाल्या, "थोरलीला असं चारचौघांत टोकू न्हाई माय. घरात सांगावं, न्हाईतर गप बसावं." धाकटीनं ऐकून घेतलं. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "चुकलं ताई." मी म्हटलं, असू दे. त्यानंतर तिनं माझ्या कामातली एकही चूक काढली नाही. मला ते आवडलं, आणि मी मनाशी धरलं की आता माझ्या कामात चुकाच उरल्या नाहीत.

मग कुरुंद्याचं काम आलं. कुरुंद्याच्या शिवाराबाहेर हळदीचे एक जुने व्यापारी कारखाना उभारत होते. बॉयलरच्या वाफेवर हळद शिजवायची आणि दुसऱ्या बाजूला तिचा अर्क काढायचा. बॉयलरवरून वाफेच्या दोन मोठ्या लाइनी निघणार होत्या, एक शिजवण्याच्या टाक्यांकडे, एक अर्काच्या विभागाकडे. साहेबांनी आम्हा दोघींना मिटिंगला घेतलं आणि सांगितलं की आधारांच्या कामाला आता एक लीड नेमायचा आहे. बाहेरून माणूस आणायचा नाही, तुमच्या दोघींतून ठरवायचं. "एकेक लाइन घ्या. ज्यांचं काम सरस, त्या लीड."

लीड. लग्नाआधीपासून मी त्या शब्दाची वाट पाहत होते. माझ्यामागून लागलेली पोरं लीड होऊन दुबईला गेली, परत आली, त्यांना टक्कल पडलं. दरवर्षी साहेब मला म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्ष आलं तर त्यात माझी जाऊ उभी, तीही मीच बोट धरून आणलेली. टेबलापलीकडे ती पेन चावत बसली होती. मला वाटलं, ही म्हणेल, ताईंनाच द्या. म्हणाली नाही. मी म्हणाले, "शिजवण्याची लाइन माझी." ती म्हणाली, "व्हय ताई."

जागा बघायला आम्ही दोघी गेलो. मालक म्हणजे सेठ, साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, तीन पिढ्या हळदीत गेलेल्या. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि पहिलाच घाव घातला. "म्याडम, ते पत्र्याचं काम नको बिलकुल."

"का हो?" मी विचारलं.

"वानरं. माझ्या गोदामाचा पत्रा बराबर उचकटून फेकला त्यांनी. टोळी येती, उड्या मारती, एक पत्रा जागी ठेवत न्हाई. तुमच्या पायपावर तर ते मजेत घसरगुंडी खेळतेल. लोकरीवर सिमेटचं प्लास्टर मारा. साखर कारखान्यात जुन्या पायपावर बघितलंय मी. कुणालाच तकलीफ न्हाई."

पत्रा तसा पापडासारखा, वजनात नसल्यातच जमा. सिमेंटचं प्लास्टर म्हणजे आधाराचा सगळा हिशेब बदलणार. मी कागद काढून आकडेमोड करायला घेतली. तोवर धाकटीनं गोदामाच्या भिंतीखाली पडलेला प्लास्टरचा एक ढलपा उचलला, तळहातावर दोनदा झुलवला आणि म्हणाली, "ताई, आपल्या पायपावर मीटरला वीस किलोच्या वर जाईल हे."

सेठ खूश. "वा! या बेटीचा हातच काटा हाय!" आणि पोऱ्याला सांगून तिच्यासाठी बिस्किटं मागवली. माझ्यासमोर नुसता चहा.

"हिशेब करून बघू," मी कोरडेपणानं म्हणाले. घरी येऊन हिशेब केला. बावीस निघाले. मी लॅपटॉप मिटला आणि उगीच भांडी घासायला घेतली. भांड्यांचा आवाज इतका झाला की सासूबाई आतून ओरडल्या, "काहून आदळून राहिलीस गं? भांड्यानं काय केलं तुझं?"

आमच्या कंपनीत नियम आहे की वजनांच्या प्रत्येक तक्त्यावर दोन नावं लागतात, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. आम्ही दोघीच होतो, म्हणून तिचं काम मी तपासायचं आणि माझं तिनं. नव्या प्लास्टरसकट तिचा तक्ता माझ्याकडे आला तेव्हा मी पंखा मोठा केला आणि पदर खोचून बसले. आयुष्यात कुठलंही काम मी इतक्या मन लावून केलेलं नाही. सून तांदूळ निवडताना सासू बघते तसा मी तिचा एकेक आकडा बघितला. लोकरीची घनता तिनं कुठल्या कॅटलॉगमधून घेतली? जुन्या! मी लाल केलं. तारेची जाळी राहिली होती. लाल. बॉयलरजवळच्या मोठ्या व्हॉल्व्हवर लोकरीची एक वेगळी पेटी बसते, उघडता येणारी. तिचं वजन धरलं होतं, पण बिजागऱ्या आणि कड्या धरल्या नव्हत्या. कड्यांना लाल करताना मला स्वतःलाच थोडं हसू आलं, पण केलं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "बरं झालं ताई, तुमी बघितलं," आणि लगेच सुधारून परत पाठवायची.

सगळ्यात जास्त मी एक गोष्ट शोधत होते. प्लास्टर बसतं लोकरीवर, पाइपावर नाही. लेकराला तीन स्वेटर घातल्यावर वरच्या शालीचं माप उघड्या अंगावरून घेऊन कसं चालेल? आमचा पाइप पुरता वीतभरही रुंद नव्हता, पण लोकर गुंडाळल्यावर त्याचा घेर जवळजवळ दुप्पट व्हायचा. नवशिकी माणसं इथं उघड्या पाइपाचा घेर धरतात आणि प्लास्टरचं वजन अर्ध्यावर येतं. मी लाल रंग तयार ठेवूनच तिच्या तक्त्यात ती ओळ उघडली. तिनं बरोबर धरलं होतं. इतकी निराशा मला मुलाच्या दहावीच्या निकालालाही झाली नव्हती. लाल करायला काही उरलं नाही, तेव्हा मी तपासणारी म्हणून माझं नाव टाकलं.

माझा तक्ता तिनं त्याच दुपारी परत केला. एकही लाल खूण नाही, खाली तिचं नाव. मी लॅपटॉपच तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, "बघ, नीट काम असं असतं." ती म्हणाली, "व्हय ताई," आणि लसूण सोलायला गेली.

वाफेचा पाइप बॉयलरवरून वर चढतो, तापला की वाढतो आणि जागचा हलतो. तिथं घट्ट आधार चालत नाही, पाइप वाकतो. म्हणून तिथं पाइप स्प्रिंगला टांगतात, म्हणजे तो हलला तरी त्याचा भार उचललेला राहतो. मात्र स्प्रिंग मागवताना तिच्यावर किती वजन येणार ते आधी सांगावं लागतं. कारखान्यातून ती तेवढ्या वजनाला दाबून, पिन घालून अडकवून येते. पाइप उभा राहिला, लोकर झाली, प्लास्टर वाळलं की ती पिन काढायची. वजनाचा अंदाज बरोबर असेल तर पिन बोटांनी निघून येते आणि स्प्रिंगवरचा काटा आपल्या खुणेवर तसाच राहतो. अंदाज चुकला असेल तर पिन रुतून बसते. आमच्या धंद्यात दुसऱ्या कशानंही माणसाची लाज इतकी स्वच्छ बाहेर येत नाही.

पिना काढायच्या दिवशी साहेब स्वतः पुण्याहून आले. सेठ होते, त्यांची माणसं होती, बॉयलरवाले होते. मी नवी साडी नेसले होते आणि धाकटीनं तिचा नेहमीचा पंजाबी ड्रेस घातला होता. तेही मला खटकलंच. हिला तयारीचीसुद्धा गरज वाटत नाही. पाइपांवरचं प्लास्टर नवंकोरं दिसत होतं, आणि शेडच्या कडेला दोन वानरं बसून वाट बघत होती.

आधी तिची लाइन. फिटर शिडीवर चढला, पिन धरली, आणि ती पुड्यातल्या उदबत्तीसारखी अलगद निघून आली. काटा जागचा हलला नाही. दुसरी स्प्रिंग, तेच. तिसरी, तेच. सेठनी टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "चेकिंग तुमचं ना? सुंदर." मी हसले. तिच्या तक्त्यात चूक शोधायला मी जो जीव आटवला होता, त्यानंच तिचा तक्ता चोख झाला होता, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

मग माझी लाइन. फिटरनं पिन धरली, ओढली, पुन्हा ओढली. खाली बघून म्हणाला, "रुतलीय, म्याडम."

"हातोडी घे," साहेब म्हणाले.

हातोडीचे घाव मी मोजले नाहीत. पिन सुटली तेव्हा धाडकन आवाज झाला, पाइप खाली बसला आणि काटा खुणेच्या खाली, पार खाली जाऊन थांबला. वानरं पळाली. दुसऱ्या स्प्रिंगचंही तेच. पाइपात वाफ नव्हती, कुणाला इजा झाली नाही, मोठ्या स्प्रिंगा मागवल्या की काम भागणार होतं. पण हळदीचा हंगाम तोंडावर आला होता. सेठ एवढंच म्हणाले, "हळद थांबती का, म्याडम?" तेही माझ्याकडे न बघता.

साहेबांनी खुर्चीत बसून माझा तक्ता उघडला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. प्लास्टरच्या ओळीशी ते थांबले आणि मलाही दिसलं. माझ्या जुन्या तक्त्यात पत्र्याची एक ओळ होती. पत्र्याचा घेर मी वर्षानुवर्षं उघड्या पाइपाचाच धरत आले होते; पत्रा इतका हलका की अर्धा धरला काय आणि पूर्ण धरला काय, कुठलाच आधार कधी कुरकुरला नाही. सेठनी प्लास्टर सांगितल्यावर मी त्याच ओळीत पत्र्याच्या जागी प्लास्टर लिहिलं होतं. घेर तोच ठेवून, आणि त्या दिवशी वेगळे काढलेले बावीस किलो तक्त्याशी ताडूनही न बघता. जी चूक मी तिच्या तक्त्यात भिंग लावून शोधली, ती माझ्याच घरात पाय पसरून बसली होती. साहेबांनी खाली सरकवून तपासणाऱ्याचं नाव बघितलं आणि लॅपटॉप मिटला.  

परतताना जीपमध्ये आम्ही दोघी मागं बसलो. वाटेत औंढा गाव मागं पडलं. मग मी विचारलं, "तुला दिसलं होतं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली, "व्हय."

"मग काहून बोलली न्हाईस?" रागात मीही तिच्याच बोलीवर आले.

"तुमी मोठ्या, ताई. मागच्या बारीला बोलले, तर तुमी माझ्या हातचा चहा घेईना झाल्या. आईबी म्हणल्या, गप बसावं. मला वाटलं, तुमी काही विचार करूनच धरलं असंल तसं."

"असा कसला विचार? अर्धं प्लास्टर वानरं खातील असा?"

तिला हसू आलं, तिनं ते गिळलं. मी तोंड फिरवलं. आता माझ्यासारख्या बाईनं काय समजायचं? तिनं माझा मान राखला, की गप्प बसून डाव साधला? मान राखला असेल तर मला तिच्यावर रागावता येत नाही. डाव साधला असेल तर तिच्या हुशारीचा आणखी एक नमुना झाला, म्हणजे आणखी जळायचं. त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात मी बाजू बदलत होते. आजही मला ठरवता आलेलं नाही.

लीड ती झाली. माझं काम तपासण्यात ती चुकली होती, पण स्वतःचं काम तिचंच सरस ठरलं. साहेबांनी फोन मलाच आधी केला, मोठी म्हणून. सासूबाईंनी पेढे आणले आणि गल्लीभर सांगत सुटल्या, "थोरलीनंच घडवली तिला." लोक माझं अभिनंदन करायचे. विहारात एक बाई माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यासारखी जाऊ नशिबानं मिळते." मी पेढा खाल्ला. गोडच होता, मेला.

आता माझे तक्ते मंजुरीसाठी तिच्याकडे जातात. टेबल तेच, पंख्याखालच्या खुर्चीवर अजून मीच बसते. ती तिथं बसत नाही. पण जीपमधला प्रश्न मला चैन पडू देईना. ही मान राखते की डाव खेळते, हे एकदा बघायचंच म्हणून मी पुढच्या कामात मुद्दाम एक चूक ठेवली. एका व्हॉल्व्हवरच्या लोकरीच्या पेटीचं वजनच धरलं नाही. डोळे झाकून दिसावी अशी चूक. बोलली तर मान खोटा होता, न बोलली तर लीड कसली, असा माझा बेत. दोन्ही बाजूंनी मीच जिंकणार होते.

तक्ता संध्याकाळी परत आला. मंजूर. एकही लाल खूण नाही. मी आनंदानं तो उघडला, आणि पेटीचं वजन तिथं होतं. बरोबर भरलेलं. तिनं गुपचूप भरलं होतं आणि माझ्या नावाखाली तसंच ठेवून दिलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. ती पीठ मळत होती. "माझ्या तक्त्यात काही सापडलं का गं?"

"न्हाई ताई. बराबर होतं समदं." मान वर न करता म्हणाली.

इतकं सफाईदार खोटं, तेही माझी लाज झाकायला! मला तिचा आधी हेवा वाटायचा तो बुद्धीचा. आता यातही ही पुढं. तिच्या जागी मी असते तर लाल खुणांनी तक्ता रंगपंचमीला नेला असता.

"हात धू आणि इकडं ये," मी म्हणाले. "जे जे तू दुरुस्त केलंस ते लाल कर. माझ्यासमोर."

"राहू द्या ना, ताई."

"लीड कोण आहे या घरात?"

तिनं हात धुतले, पुसले. मग म्हणाली, "मी." हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पंख्याखालची खुर्ची मागं ओढली आणि तिला बसवलं. स्वतः तिच्यामागं उभी राहिले, आता हिचा डाव पकडलाच या तोऱ्यात.

तिनं पेटीची ओळ लाल केली. मी मनात म्हटलं, ही बघ, सापडलीस. मग ती खाली सरकली आणि आणखी एक ओळ लाल केली. कचरत पुन्हा वर गेली आणि तिसरी लाल केली.

मी मुद्दाम केलेली चूक एकच होती.